बायोलॉजिक इंजेक्शन सुरू करायचंय, पेन फ्रीजमध्ये आहे आणि हात पुढे होत नाहीये

ओलीमाती
नमस्कार मंडळी. बरेच महिने नुसती वाचत होते, आज स्वतःसाठी लिहितेय. चार वर्षांपासून ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस आहे, म्हणजे आरए, प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते तो संधिवात. आरए फॅक्टर आणि अँटी सीसीपी या रक्ताच्या तपासण्या दोन्ही पॉझिटिव्ह. मेथोट्रेक्झेट चढवत चढवत आठवड्याला २० मिलिग्रॅमपर्यंत नेलं, मग सल्फासालाझिन आणि एचसीक्यू (हायड्रॉक्सीक्लोरोक्विन) पण जोडलं, मधेमधे स्टिरॉइडचे छोटे कोर्स. तरी सकाळी दीड तास बोटं उघडत नाहीत. मागच्या महिन्यात एक्सरे काढला तर उजव्या हाताच्या दोन सांध्यांत हाड कुरतडल्यासारखं दिसलं. डॉक्टरांनी पेन्सिलने दाखवलं आणि म्हणाल्या, आता नुसत्या गोळ्यांवर थांबायचं नाही. अडालिमुमॅब नावाचं बायोलॉजिक, ४० मिलिग्रॅम, दर दोन आठवड्यांनी, घरीच टोचायचं.

पेन आणून नऊ दिवस झाले. रोज फ्रीज उघडला की तो डबा दिसतो आणि मी दार लावून टाकते. माहितीपत्रक वाचायला घेतलं तर टीबी, लिम्फोमा म्हणजे लसिका ग्रंथींचा कॅन्सर, गंभीर इन्फेक्शन... तिसऱ्या परिच्छेदाला घडी करून ठेवून दिलं. घरचे म्हणतात एकदा सुरू केलं की सुटत नाही. सुईची भीती मला फारशी नाही हो, रक्त देऊन देऊन ती गेली. भीती ही आहे की माझीच प्रतिकारशक्ती मी माझ्याच हाताने खाली पाडायची. ज्यांनी घेतलंय त्यांनी खरं खरं सांगा, फरक कधी पडला, त्रास काय झाला, सोडलं असेल तर का सोडलं.

चिमणपाखरू
वाचतेय. मला पण पुढच्या दोनेक महिन्यांत सुरू करायचंय असं सांगितलंय.

पायवाट
ताई, माझा आजार वेगळा आहे पण औषध तेच. अँकायलोझिंग स्पाँडिलायटिस, म्हणजे मणक्याचा संधिवात, एचएलए बी२७ ही जनुकाची तपासणी पॉझिटिव्ह. तेविसाव्या वर्षी कंबर धरायला लागली आणि पुढची सात वर्षं सगळे मला आराम कर म्हणून सांगत होते. आणि या आजाराची गंमत अशी की आरामानेच वाढतो, पहाटे तीन-चारला दुखण्याने जाग येणार, उठून घरात फेऱ्या मारल्या की बरं वाटणार, हे कोणाला सांगितलं तर पटायचं नाही. शेवटी एमआरआयमध्ये कंबरेखालच्या सॅक्रोइलियाक सांध्यांची सूज दिसली तेव्हा नाव कळलं.

अडालिमुमॅब सुरू करून सहा वर्षं झाली. पहिल्या डोसनंतर दोन दिवस टोचलेल्या जागी रुपयाएवढा लाल चट्टा आणि खाज, बाकी काही नाही. दुसऱ्यानंतरही काही विशेष नाही, मी निराशच झालो होतो. तिसऱ्यानंतर एका सकाळी जाग आली आणि लक्षात आलं की रात्रीत एकदाही उठलो नाही. कुशीवर वळलो असणारच, पण वळल्याचं कळलंच नाही. सात वर्षांत पहिल्यांदा. पलंगावर बसून रडलो, खरं सांगतो.

सगळ्यांना इतक्या लवकर होत नाही. साधारण तीन महिने तरी द्यावे लागतात, मगच लागू पडतंय की नाही ते ठरवतात. तेवढा धीर धरा.

कडूगोड
पायवाट दादांचं वाचून बरं वाटलं, पण दुसरी बाजू पण इथे हवी म्हणून लिहिते. मला पहिलं बायोलॉजिक लागू पडलं नाही. इटानरसेप्ट ५० मिलिग्रॅम दर आठवड्याला, चार महिने, काहीही फरक नाही. मग अडालिमुमॅब. ते सुंदर चाललं, चौदा महिने मी जवळपास विसरले होते की मला आजार आहे. मग हळूहळू डोसच्या आधीचे चार दिवस जड जायला लागले, मग आठ दिवस, मग सगळेच. तपासणीत निघालं की माझ्या शरीराने औषधाविरुद्धच अँटीबॉडी तयार केल्या होत्या. आता टोसिलिझुमॅबवर आहे, दर आठवड्याला, दोन वर्षं झाली, छान चाललंय.

म्हणजे पहिलं फसलं तर सगळं संपलं असं अजिबात नाही. टीएनएफ आणि आयएल ६ ही शरीरात सूज आणणारी प्रथिनं, त्यातलं टीएनएफ अडवणारी औषधं वेगळी, आयएल ६ अडवणारी वेगळी, बी पेशींवरचं रिटुक्सिमॅब वेगळं, टी पेशींवरचं अबाटासेप्ट वेगळं. मला हे आधी कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून पहिलं फसल्यावर मी दोन महिने अंथरुणात तोंड खुपसून काढले.

चौकस
ओलीमाती, सुरू करायच्या आधीच्या तपासण्या झाल्या ना सगळ्या? टीबी, हिपॅटायटिस बी आणि सी, छातीचा एक्सरे?

ओलीमाती
हो चौकस, सगळं झालं. टीबीची रक्ताची तपासणी, ती आयजीआरए का काय, निगेटिव्ह. हिपॅटायटिस दोन्ही आणि एचआयव्ही निगेटिव्ह. एक्सरे स्वच्छ. फ्लूची आणि न्यूमोनियाची लस पण आधीच देऊन टाकली.

कडूगोड ताई, औषधाविरुद्ध अँटीबॉडी हे काय प्रकरण आहे? आणि ही औषधं गोळीत का मिळत नाहीत?

प्रयोगवही
याचं उत्तर मी देतो, कामाचा भाग आहे माझ्या आणि बायको पण दहा वर्षं याच औषधांवर आहे, म्हणून दोन्हीकडून माहिती आहे.

बायोलॉजिक म्हणजे प्रथिन. गोळी करून गिळलं तर पोट त्याचं इतर प्रथिनांसारखंच पचन करून टाकेल, सांध्यापर्यंत काहीच पोचणार नाही. म्हणून सुई. ही प्रथिनं कारखान्यात रसायनं एकत्र करून बनत नाहीत, जिवंत पेशींकडून करवून घेतात, अडालिमुमॅब तर हॅम्स्टरच्या अंडाशयापासून आलेल्या पेशींमध्ये वाढवतात. म्हणूनच इतकं नाजूक, २ ते ८ अंशांत ठेवायचं, गोठवायचं नाही, जोरात हलवायचं नाही, उजेडात ठेवायचं नाही.

नावाच्या शेवटी मॅब असेल तर ती मोनोक्लोनल अँटीबॉडी. ही बनवायची रीत कोहलर आणि मिलस्टाइन यांनी १९७५ मध्ये काढली, १९८४ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. शेवटी सेप्ट असेल तर तो रिसेप्टरचा तुकडा, म्हणजे एक प्रकारचं आमिष, टीएनएफ पेशीवर जाऊन बसायच्या ऐवजी याच्यावर येऊन बसतो. इटानरसेप्ट तसं. आणि टीएनएफ हा शरीराचा निरोप्या, सूज आणा असा निरोप घेऊन फिरणारा. आरएमध्ये सांध्यात हा निरोप थांबतच नाही. लंडनमध्ये फेल्डमन आणि मैनी यांनी १९९२ मध्ये आरएच्या पेशंटना पहिल्यांदा टीएनएफविरोधी अँटीबॉडी देऊन बघितली. तेव्हा हा एक निरोप अडवून काय होणार, शरीर दुसरी वाट काढेल असं बऱ्याच जणांना वाटत होतं. पण पेशंटची सूज उतरली. इटानरसेप्ट १९९८ ला आलं, अडालिमुमॅब २००२ च्या शेवटी.

अँटीबॉडीचं असं की बाहेरून आलेलं प्रथिन शरीर परकं म्हणून ओळखू शकतं आणि मग औषधालाच पकडून बाद करतं. मेथोट्रेक्झेट सोबत घेतलं की हे कमी होतं. म्हणून डॉक्टरांनी मेथो चालू ठेवलं असेल तर इंजेक्शन सुरू झालं म्हणून ते आपल्या मनाने बंद करू नका.

आता तुमच्या मुख्य भीतीबद्दल. प्रतिकारशक्ती म्हणजे एकच मोठा दिवा आणि आपण तो मालवतोय असं नाहीये. हजार तारांतली एक तार आपण ढिली करतो. त्या एका तारेवर काही महत्त्वाची कामं चालतात हे पण खरं. टीबीचे जंतू शरीरात झोपलेले असतील तर त्यांच्याभोवती पेशींची भिंत असते आणि ती भिंत टिकवायला टीएनएफ लागतो. तो अडवला की भिंत ढासळू शकते. टीबीच्या तपासणीशिवाय हे औषध सुरू करत नाहीत ते यामुळे.

मोरपिसारा
प्रयोगवही +१. माझी तीच तपासणी पॉझिटिव्ह आली होती. खोकला नाही, ताप नाही, एक्सरे स्वच्छ, तरी पॉझिटिव्ह, म्हणजे लेटंट, झोपलेला टीबी. मी फार घाबरले, वाटलं आता बायोलॉजिक मिळणारच नाही. तसं नाही. आयसोनियाझिड हे टीबीचं औषध सुरू केलं, सोबत बी६ व्हिटॅमिन, एक महिना झाल्यावर बायोलॉजिक सुरू केलं आणि गोळ्यांचा कोर्स पुढे चालू ठेवला. दर महिन्याला लिव्हरची तपासणी, कारण मेथो पण चालू होतं. आज पाच वर्षं झाली, सगळं ठीक आहे.

रानवारा
सगळ्यांचा अनुभव आदराने वाचला. पण मला स्पष्ट लिहायचंय. इतकी जालीम औषधं सुरू करायच्या आधी शरीराला स्वतःहून बरं व्हायची संधी द्यायला नको का? मी तीन वर्षं पथ्य, व्यायाम आणि पर्यायी उपचारांवर आहे, एकही इंग्रजी गोळी नाही. दुखणं अर्ध्यावर आलंय. ताई, घाई करू नका एवढंच म्हणणं.

अर्धविराम
रानवारा, तुमचा हेतू चांगला आहे हे दिसतंय, म्हणून चिडून नाही, मनापासून लिहिते.

मी हेच केलं होतं. दोन वर्षं. मेथोचं नाव ऐकून पळाले, केस जातात, लिव्हर जातं असं वाचलं होतं. पथ्य इतकं कडक की नऊ किलो वजन गेलं आणि वजन कमी झाल्यावर गुडघे खरंच हलके वाटायला लागले, तेव्हा मी सगळ्यांना सांगत फिरत होते की बघा बरी होतेय. दुखणं कमी होतं. सूज कमी नव्हती. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मला कोणी सांगितलं नाही, किंवा सांगितलं असेल तर मी ऐकलं नाही. डाव्या मनगटाची हाडं त्या दोन वर्षांत एकमेकांना जुळून गेली. आता ते मनगट दुखत नाही, कारण तिथे सांधाच उरला नाही. वळतच नाही. ओंजळ करता येत नाही मला. पाणी प्यायला, तोंड धुवायला, एका हाताने जेवढं होईल तेवढं.

नंतर मेथो आणि गोलिमुमॅब हे बायोलॉजिक, महिन्यातून एकदा. बाकीचे सगळे सांधे वाचले. मनगट परत आलं नाही. औषध पुढचं नुकसान थांबवतं, झालेलं भरून काढत नाही, आणि ओलीमातीच्या एक्सरेमध्ये कुरतडणं दिसायला लागलंय. म्हणून तिला घाई करू नका म्हणणं मला पटत नाही.

पायवाट
अर्धविराम ताई, ओंजळीचं वाचून गलबलून आलं.

रानवारा
ताई, हे वाचून गप्प बसलो थोडा वेळ. मला तुमच्या अनुभवाला खोटं ठरवायचं नाही. माझं मत पूर्ण बदललं असं म्हणणार नाही, व्यायाम आणि वजन यांचा फायदा मी रोज अनुभवतोय.

अर्धविराम
व्यायाम सोडाच असं मी कधीच म्हणणार नाही, मी पण रोज करते. तुम्ही फक्त एक करा, हातापायांचा एक्सरे किंवा सोनोग्राफी आणि ईएसआर, सीआरपी या सूज दाखवणाऱ्या रक्ताच्या तपासण्या करून बघा. तीन वर्षं झालीयत ना. आत शांत आहे की नाही ते दिसेल तरी.

रानवारा
हे करतो. वचन.

दोनवेण्या
मी पेशंट नाही, पेशंटचा बाप आहे. मुलगी आता अकराची, ज्युवेनाइल आर्थ्रायटिस, म्हणजे लहान मुलांचा संधिवात, साडेतीन वर्षांची असताना निघाला. लंगडायला लागली, आम्हाला वाटलं पडली असेल. तिच्या आजारात डोळ्यांच्या आतली सूज येते आणि लहान मुलांमध्ये ती दुखत नाही, लाल दिसत नाही, मूल काही तक्रार करत नाही आणि आतल्या आत नजर जात असते. म्हणून दर तीन महिन्यांनी स्लिट लॅम्पवर, म्हणजे डोळ्यांच्या डॉक्टरकडच्या दुर्बिणीवर, डोळे तपासायला सांगितलं होतं. अशाच एका तपासणीत सापडली. डोळ्यात थेंब, मग मेथो, आणि तरी सूज हटेना म्हणून अडालिमुमॅब. वजन २६ किलो होतं तेव्हा, २० मिलिग्रॅमची सिरिंज.

पहिले तीन डोस नर्सने दिले आणि चौथा मी दिला. माझे हात थरथरत होते आणि ती मला म्हणाली, बाबा तू दहापर्यंत मोठ्याने मोज म्हणजे तुला भीती वाटणार नाही. तेव्हापासून आमच्याकडे बाप मोजतो आणि पोरगी गोष्टीचं पुस्तक वाचते. गेल्या वर्षीपासून ४० चं पेन आलंय, ते बसतं तेव्हा टकटक असा दोनदा आवाज येतो म्हणून त्याचं नाव तिने सुतारपक्षी ठेवलंय. कॅलेंडरवर दर दुसऱ्या शनिवारी ती पक्षी काढते.

दोन्ही डोळे आज व्यवस्थित आहेत. धावते. ओलीमाती ताई, मी तुम्हाला सल्ला देणारा कोण, पण मोठ्याने मोजा.

चिमणपाखरू
सुतारपक्षी!! मी पण हेच म्हणणार आता.

गोधडी
टोचण्याबद्दल थोडं, कारण डॉक्टर घाईत असतात आणि हे राहून जातं. फ्रीजमधून काढून अर्धा तास बाहेर ठेवा, थंडगार टोचलं तर जास्त झोंबतं. गरम पाण्यात, उन्हात असलं काही करून लवकर कोमट करायला जाऊ नका, औषध खराब होतं. औषध पेनच्या छोट्या खिडकीतून बघा, गढूळ किंवा तुकडे तरंगताना दिसले तर वापरू नका. पोटावर बेंबीपासून दोन इंच लांब, नाहीतर मांडीच्या पुढच्या बाजूला, दर वेळी जागा बदलून, व्रण, तीळ, खरचटलेलं टाळून. स्पिरिट पूर्ण वाळू द्या, ओलं असताना टोचलं की आग होते, लोक औषधाला दोष देतात. पेन दाबून धरा, खिडकीचा रंग पूर्ण बदलेपर्यंत उचलायचं नाही. नंतर चोळू नका. सुई परत टोपणात घालायची नाही, जाड प्लास्टिकच्या झाकणाच्या डब्यात टाकायची.

आणि हात सुजलेले असतील तर बटण दाबणं हीच मोठी परीक्षा असते, हे पेन बनवणाऱ्यांना कधी कळणार देव जाणे. मी अंगठ्याऐवजी तळहाताने दाबते. काही पेनांना बटणच नसतं, त्वचेवर दाबलं की सुरू होतं, तसं मिळतंय का विचारा.

पायवाट
गोधडी ताई, एक जोडतो. अडालिमुमॅबच्या जुन्या प्रकारात सायट्रेट असायचं, ते भयंकर झोंबायचं. सायट्रेट नसलेलं आल्यावर मला वाटलं पेन चाललंच नाही, इतका फरक. पेटीवर बघा किंवा फार्मासिस्टला विचारा.

सूटकेस
प्रवासाचं कोणी लिहिलं नाही अजून. मी कामासाठी सतत फिरतो, सेक्युकिनुमॅब या बायोलॉजिकवर आहे, सोरायटिक आर्थ्रायटिस, म्हणजे सोरायसिसबरोबर येणारा संधिवात. पेन नेहमी हातातल्या बॅगेत, विमानाच्या पोटात जाणाऱ्या सामानात नाही, तिथे गोठू शकतं. डॉक्टरांचं पत्र सोबत. थंड पिशवीत बर्फाचा पॅक थेट पेनाला लागू द्यायचा नाही, मधे कापड.

एकदा उतरलो होतो तिथल्या छोट्या फ्रीजमध्ये मागच्या भिंतीला टेकवून ठेवलं आणि सकाळी औषधात बर्फाचे कण. महिन्याचा डोस फुकट गेला आणि नवीन मिळेपर्यंत बारा दिवस गेले. गोठलेलं वितळवून वापरता येत नाही, दिसायला नीट दिसलं तरी. तेव्हापासून घरी पण मधल्या कप्प्यात पुढच्या बाजूला ठेवतो. दारात नको, उघडझाकीने तापमान हलतं.

उतरंड
मी चूक केली ती सांगतो. दोन वर्षं पूर्ण शांत होतो, एकही सांधा सुजलेला नाही, रिपोर्ट चांगले. मला वाटलं बरा झालो. न विचारता बंद केलं. पहिले दोन महिने मस्त. अकराव्या आठवड्यात एका गुडघ्यात पाणी भरलं, पुढच्या महिन्यात दोन्ही हात. परत सुरू केलं, नशिबाने परत लागू पडलं पण आधीसारखं व्हायला पाच महिने गेले. आता डॉक्टरांच्या सल्ल्याने दोनऐवजी तीन आठवड्यांनी घेतोय आणि दर भेटीला २८ सांधे मोजून बघतात, वाढलं की परत दोनवर. म्हणजे ओलीमाती, आयुष्यभर सुटत नाही हे घरच्यांचं म्हणणं अर्धवट आहे. याचं व्यसन लागत नाही. आजार दीर्घ आहे म्हणून औषध दीर्घ. काहींना अंतर वाढवता येतं, माझ्यासारख्यांना सांभाळून.

ओलीमाती
किती किती लिहिलंत सगळ्यांनी. काल रात्री नवऱ्याला अर्धविराम ताईंची पोस्ट वाचून दाखवली आणि दोघंही बराच वेळ बोललो नाही. ठरवलंय, आज रात्री जेवण झाल्यावर घेते. दोन दिवस घसा धरलाय आणि थोडी कणकण आहे, पण ती टेन्शनची असेल. नवरा दहा मोजणार आहे.

कडूगोड
थांबा थांबा थांबा. कणकण म्हणजे ताप मोजलात का?? घेऊ नका आज. आधी डॉक्टरांना फोन.

पायवाट
कडूगोड ताईंना पूर्ण अनुमोदन. अंगात ताप किंवा इन्फेक्शन असताना नवा डोस नाही, पहिला तर नाहीच.

वळणवाट
ओलीमाती ताई, मी इथे क्वचित लिहितो पण हे वाचून राहवलं नाही. दुसऱ्या वर्षी मी हेच केलं. खोकला होता, आठवडा अंगावर काढला, वर इंजेक्शनचा दिवस आला म्हणून तो पण घेतला, कारण चुकवलं तर सांधे धरतील याची भीती. न्यूमोनिया झाला, नऊ दिवस हॉस्पिटल, त्यातले तीन ऑक्सिजनवर. बाहेर आल्यावर डॉक्टरांनी समजावलं की या औषधावर असताना इन्फेक्शनची लक्षणं सौम्य दिसू शकतात, आत मात्र वेगाने वाढतं. नंतर मी परत सुरू केलं, चार वर्षं झाली, पुन्हा असं झालं नाही. पण नियम पक्का, ताप, कफ, लघवीला जळजळ, जखमेत पू, यातलं काहीही असलं की आधी फोन, मग पेन. एक डोस आठवडाभर पुढे गेल्याने काही बिघडत नाही.

कडूगोड
आणि माझ्यासारखे टोसिलिझुमॅबवाले असतील तर अजून एक, या औषधाने सीआरपी दाबला जातो. इन्फेक्शन असलं तरी रिपोर्टमध्ये सीआरपी छान दिसू शकतो. नवीन डॉक्टरकडे गेलात तर कुठल्या औषधावर आहात ते पहिल्या वाक्यात सांगा. मी पाकिटात चिठ्ठीच ठेवलीय.

ओलीमाती
ताप मोजला, १०१ निघाला. फोन केला, डॉक्टर म्हणाल्या बरं झालं विचारलंस. घसा तपासून अँटिबायोटिक दिलंय, कोर्स पूर्ण होऊन ताप पूर्ण गेल्यावर मगच. तुम्ही सगळे नसतात तर मी टोचून बसले असते. हात जोडते.

चिमणपाखरू
ओलीमाती ताई लवकर बऱ्या व्हा.
माझा एक प्रश्न, इथे विचारू की नवा धागा काढू? एक-दोन वर्षांत आम्हाला बाळाचा विचार करायचाय. मग हे औषध सुरूच करू नये का?

मोरपिसारा
इथेच विचारा. माझी मुलगी दोन वर्षांची आहे. मुख्य म्हणजे डॉक्टरांना आत्ताच सांगा, नंतर नाही, कारण औषधाची निवडच बदलते. मेथोट्रेक्झेट बाळासाठी घातक, ते काही महिने आधी बंद करावं लागतं. टीएनएफवाली त्यामानाने बरीच वापरली गेलीयत. मला सर्टोलिझुमॅबवर नेलं, कारण त्याच्या रेणूला तो शेपटीचा भाग नसतो ज्याला धरून अँटीबॉडी वारेतून बाळाकडे जातात, त्यामुळे बाळाकडे फारसं पोचतच नाही. दुसरं कुठलं मॅब शेवटच्या महिन्यांपर्यंत घेतलं असेल तर बाळाच्या डॉक्टरांना सांगायचं, जिवंत जंतूंच्या लसी, म्हणजे बीसीजी, रोटा, साधारण सहा महिने पुढे ढकलतात. आणि आजार पेटलेला ठेवून गरोदर राहणं हे पण बाळासाठी चांगलं नाही, हे मला कोणी सांगेपर्यंत मी सगळंच बंद करायच्या विचारात होते.

चिमणपाखरू
शेपटीचा भाग हे पक्कं लक्षात राहील. मनावरचं ओझं उतरलं.

चौकस
जिवंत लसींवरून, त्या आपल्याला पण चालत नाहीत हे लक्षात ठेवा, गोवर, कांजिण्या, पीतज्वर वगैरे. लागणार असतील तर औषध सुरू करायच्या आधीच. नागिणीची रिकॉम्बिनंट लस मात्र जिवंत नाही, ती चालते. आणि दात! किडलेले दात, हिरड्या आधी बघून घ्या, ऑपरेशन ठरलं तर तारीख डोसच्या चक्राच्या शेवटी धरतात.

रानवारा
सोनोग्राफी करून आलो. दोन्ही हातांत सूज आहे, सोनोग्राफीतल्या पॉवर डॉपलरमध्ये, म्हणजे रक्तप्रवाह दाखवणाऱ्या भागात, लाल दिसतंय. हाडं अजून शाबूत आहेत. पुढच्या आठवड्यात ऱ्हुमॅटॉलॉजिस्टची वेळ घेतलीय. अर्धविराम ताई, आभार हा शब्द पुरत नाही.

अर्धविराम
हाडं शाबूत आहेत! हे वाचून आजचा दिवस गोड झाला. वेळेत आहात तुम्ही.

ओलीमाती
मधे बरेच दिवस गेले, कळवते. ताप गेला, अँटिबायोटिक संपलं, डॉक्टरांनी तपासून हो म्हटलं आणि मग एका रविवारी सकाळी घेतलं. अर्धा तास टेबलावर ठेवलं, तो अर्धा तास फार लांब होता. मांडीत. तळहाताने दाबलं, गोधडी ताईंनी सांगितल्यासारखं. टक. नवरा मोजत होता, सातला आला आणि दुसरं टक झालं, तरी तो दहापर्यंत मोजतच राहिला, मी पण हात काढला नाही. मग दोघं हसलो. दुसऱ्या दिवशी फक्त खूप झोप आली.

ओलीमाती
आज पाचवं झालं. दोनदा चट्टा आला, खाजला, चार दिवसांत गेला. सकाळचं आखडणं दीड तासावरून वीस-पंचवीस मिनिटांवर आलंय. उजवं मधलं बोट अजून सुजतं, अंगठी चढत नाही, पण बाटलीचं झाकण मी उघडलं काल, नवऱ्याला हाक मारायच्या आधी, सवयीने हाक मारून पण झाली होती आणि तो येईपर्यंत उघडलेलं होतं. ईएसआर ६२ चा ३१ झालाय. सल्फा बंद केलं, मेथो तसंच ठेवलंय.

माहितीपत्रकाची घडी उघडून परत पूर्ण वाचलं. लिम्फोमाच्या ओळीपाशी परत थांबले, तेव्हा डॉक्टरांना थेट विचारलं, त्या म्हणाल्या की आरए वर्षानुवर्षं पेटलेला राहिला तर त्या आजारानेच तो धोका वाढतो, आणि माझ्या बाबतीत काय काय लक्ष ठेवायचं ते कागदावर लिहून दिलं. त्वचेवर नवीन काही दिसलं तर दाखवायचं, ते पण त्यात आहे.

चिमणपाखरू, तुमचं कधी आहे?

चिमणपाखरू
उद्या सकाळी दहाला. ताप दोनदा मोजला, नाहीये. सुतारपक्षी मधल्या कप्प्यात, पुढच्या बाजूला आहे.

दोनवेण्या
लेकीला सांगितलं. ती म्हणाली उद्या दहाला आम्ही पण इथून मोजतो.